सुखदेव वाकोड्यांची आणेवारी

धायरी फाट्यावर उतरून सुखदेव वाकोडे कुठं राहतात असं विचारलंत, तर कुणी धड सांगणार नाही. 'तो सायकलवाला टर्नर' असं विचारा, मग किराणावाला गल्ला सोडून बाहेर येईल आणि गल्ली दाखवील. चोपन्न वर्षांचा माणूस. अंगावर मांस म्हणाल तर औषधाला नाही, बोलणं मोजकं, मिशी अजून काळी. आयुष्यभर लेथवर लोखंड कातल्यामुळं नजर अशी की केसाएवढा फरक लांबून कळावा. माणसांच्या बाबतीत मात्र ही नजर काही उपयोगी पडली नाही, आणि सांगायचं आहे ते त्याबद्दलच.

अकोला जिल्ह्यातलं गाव सोडून बाविसाव्या वर्षी तो पुण्यात आला. नोकरी लागली भोसरीत आणि परवडणारी खोली मिळाली थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, धायरीत. जायला पंचवीस किलोमीटर, यायला पंचवीस. बसच्या नादी लागला असता तर पहिल्या पाळीला आयुष्यात वेळेवर पोचला नसता, म्हणून सायकल घेतली. पुढं शेजाऱ्यांनी स्कूटर घेतल्या, मोटारसायकली घेतल्या, एकदोघांनी चारचाकी आणून दारात आडवी लावली. हा आपला सायकलवरच. बत्तीस वर्षं. 'वाकोडे, आता तरी गाडी घ्या, सायकल दमली असेल,' असं लोक म्हणायचे. पुण्यातली काळजी ही अशीच असते.

बायको शालू कधी बोलली नाही. एकदाच बोलली. नात्यातल्या लग्नाला निघाले होते, ती नवी साडी सावरत कॅरिअरवर बसली आणि म्हणाली, की खरं सांगू का, अशी उतरते तेव्हा लाज वाटते मला. बोलली आणि विसरली. सुखदेव विसरला नाही. या सायकलीत लाज वाटण्यासारखं काही नाही, हे हिला एकदा डोळ्यांनी दिसावं, एवढी एक गोष्ट त्याच्या मनात वर्षानुवर्षं बसून राहिली. दुसरं काही मागणंच नव्हतं त्याचं.

तेजस त्याला भेटला तो वारज्याच्या पुढं, हायवेच्या बाजूच्या रस्त्यावर. तेजस कोथरूडचा, आयटीतला, तिशीचा. अंगाला चिकटलेले कपडे आणि एका बोटावर उचलावी अशी सायकल. समोरून वारा मी म्हणत होता. तीन किलोमीटर सुखदेव त्याच्या मागच्या चाकाला धरून, त्याच्या आडोशानं चालला, आणि मग डब्याची पिशवी लटकवलेली आपली काळी सायकल पुढं काढून म्हणाला, "आता तुम्ही मागं बसा. वारा वाटून घ्यायचा असतो."

तेजसला हे वाक्य भलतंच आवडलं. पुढं तो ते भेटेल त्याला ऐकवायचा, जणू स्वतःलाच सुचलं होतं. सुखदेवला त्यानं शोधून काढलं, घरी आला, आपली जुनी शर्यतीची सायकल त्याला वापरायला दिली आणि आपल्या टीममध्ये ओढलं. टीम चौघांची. तेजस कप्तान. अपेक्षा, कोथरूडातच दातांचा दवाखाना चालवणारी, चढावर तिच्यासारखं कुणी नाही. साई मूळचा लातूरचा, हिंजवडीला नोकरीला, खाण्यात आणि सायकलीत सारखाच जोर. आणि चौथा सुखदेव, या तिघांचा काका.

शर्यत कशी असते ते सांगतो. लोणी काळभोरच्या पुढं शेतांमधून जाणारी सतरा किलोमीटरची गोल फेरी. सकाळी सहाला सुरू, संध्याकाळी सहाला संपते. सहाच्या आत सुरू झालेली फेरी तेवढी पुरी करू देतात. रस्त्यावर टीममधला एका वेळी एकच, बाकीचे तिघं मांडवात. मनगटावर एक पट्टा असतो, तो ज्याच्या हातात त्यानं पळायचं. पट्टा द्यायचा-घ्यायचा तो रेषेजवळ फक्कीनं आखलेल्या चौकटीतच. थांबायलाच हवं असं नाही. ज्याला दम आहे त्यानं चौकटीतून सरळ पुढच्या फेरीला जावं. ज्यांच्या फेऱ्या जास्त ते पहिले, फेऱ्या सारख्या झाल्या तर जो आधी आला तो.

आता यात डोकं कुठं लागतं, तर कोणाला कधी पाठवायचं आणि किती वेळ ठेवायचं यात. पहिल्या वर्षी या टीमनं ते डोकं वापरलंच नाही. तेजस सकाळी ऐटीत सलग तीन फेऱ्या मारून आला आणि अकरा वाजता मांडवामागं ओकत बसला. साईला विचारावं तर तो कायम 'एकदम फ्रेश'. दुपारी दोनला फ्रेश साईचे दोन्ही पाय आखडले, रस्त्याच्या कडेला बसून लहान मुलासारखा कण्हत होता. पाचवे आले. सुखदेवनं ते सगळं बघितलं आणि घरी येऊन एक शंभर पानी वही घेतली.

त्याचे वडील गावचे कोतवाल. पीक कितपत आलं हे ठरवायला तलाठी शिवारात फिरायचा तेव्हा ते बरोबर असायचे. सोळा आणे म्हणजे भरभरून पीक, आठ आणे म्हणजे निम्मं, चार आणे म्हणजे काही खरं नाही. ही आणेवारी. वडील म्हणायचे, की एकानं जरी खोटा आणा सांगितला तरी अख्ख्या गावाचा आकडा नासतो. सुखदेवनं हेच माप सायकलीला लावलं. फेरी मारून आलेल्यानं पट्टा देताना पायात किती उरलंय ते आण्यांत सांगायचं. खरं सांगायचं, फुशारकी नाही आणि रडगाणं नाही. सहाच्या खाली आला त्यानं पुढची पाळी सोडायची, आणि ज्याच्याकडं जास्त आहे त्यानं ती घ्यायची. तो आकडा वहीत लिहायचा आणि वहीच्या मर्जीनं चालायचं.

पोरं आधी हसली. मग खडकवासल्याच्या रस्त्यावर दोन महिने करून बघितलं तेव्हा गप्प झाली, कारण चौघं मिळून पूर्वीपेक्षा जास्त पळत होते आणि कुणी ओकत नव्हतं. अपेक्षानं एकदा विचारलंही, की काका, आपल्या सगळ्यांच्या छातीला पट्टे आहेत, घड्याळ ठोके मोजतं, मग वहीत तेही लिहूया का. सुखदेव म्हणाला, माणूस तोंडानं सांगतोय ना, मग घड्याळाला कशाला विचारायचं? दर पौर्णिमेला विहारात जाऊन पंचशील म्हणणारा माणूस तो. खोटं बोलणार नाही, हे त्याच्या लेखी म्हणून सोडून द्यायचं वाक्य नव्हतं, आणि समोरच्याच्या लेखी ते तसं असू शकतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लेथवर प्रत्येक नगाला माप लावून बघणाऱ्यानं इथं माप लावलं नाही. झालं ते इथंच झालं.

डिसेंबरात एका रविवारी तिघं जेवायला धायरीला आले. शालूनं वांग्याचं भरीत केलं होतं, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. साईनं सहा भाकरी खाल्ल्या. बोलता बोलता तेजसनं काकूंना विचारलं, तुम्ही शर्यत बघायला कधीच कशा येत नाही? शालू म्हणाली, आजवर हे कामावर जायला सायकल मारत होते, ते काय बघायचं. सुखदेव ताटाकडं बघत राहिला. तेव्हा तेजस हात धुवायला उठता उठता थांबला आणि म्हणाला, "काकू, या वर्षी शेवटची फेरी काकांची. सहा वाजता तुम्ही रेषेवर उभं राहायचं. आम्ही तिघं मागं, काका पुढं. शब्द देतो."

शालू हसली आणि पदरानं तोंड झाकून आत गेली. सुखदेवनं त्या रात्री वही उघडून शेवटच्या रकान्यात आपलं नाव घातलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी शर्यत होती. सुखदेवची मांडणी साधी होती. सकाळच्या गारव्यात प्रत्येकानं दोन दोन फेऱ्या. दहा ते चार उन्हात एकेकच, म्हणजे कुणी भाजून निघणार नाही. चारनंतर पुन्हा एकेक, आधी अपेक्षा, मग साई, मग तेजस, आणि शेवटी स्वतः. सहा फेऱ्या प्रत्येकी, वाटून घेतलेला वारा.

साडेदहाला तेजस फेरी मारून आला. पट्टा अपेक्षाच्या हातात देत म्हणाला, "चार आणे." सुखदेवनं पेन उघडलं. सकाळी एवढ्या लवकर चार? पण सांगितलं ते सांगितलं. त्यानं वहीत चार लिहिलं, तेजसला सावलीत निजवलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला आणि आपल्या पायात बारा होते म्हणून त्याची पुढची पाळी स्वतःच्या नावावर केली. तासाभरानं साई आला. तो म्हणाला, पाच. त्याचीही एक पाळी सुखदेवकडं आली. अपेक्षा दर वेळी नऊ, दहा असं सांगत होती आणि जाताना त्याच्याकडं न बघता जात होती. दमली असेल, असं त्याला वाटलं.

साडेअकरा ते चार या वेळात सुखदेवनं सहा फेऱ्या मारल्या. तीन मारायच्या होत्या. लोणीचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको, नसेल तर सांगून कळायचं नाही. डांबर मऊ झालं होतं. उसाच्या फडांमधून वाफ अंगावर यायची, आणि कालव्याच्या पुलानंतरचा उघडा पट्टा आला की वारा छातीवर हात ठेवून मागं लोटायचा. पाण्याची बाटली दहा मिनिटांत चहाएवढी गरम व्हायची. प्रत्येक फेरी संपवून तो मांडवात आला की पहिलं विचारायचा, तेजसचं काय? तेजस डोळे मिटून पडलेला असायचा. एकदा तर सुखदेव त्याच्या पायांना तेल चोळत बसला, स्वतःला दहाच मिनिटं उरली असताना. दोन वाजता पुन्हा विचारलं. तेजस म्हणाला, अजून चारच आहेत काका, सॉरी. सुखदेव म्हणाला, सॉरी काय त्यात, खरं सांगितलंस हेच मोठं काम केलंस.

असं म्हणाला तो. तेल चोळता चोळता म्हणाला. आणि त्या मुलानं ते ऐकून घेतलं.

पाचाच्या सुमारास शालू आली. धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून लोणी, तिथून रिक्षा. लग्नकार्याला नेसते ती मोरपंखी साडी नेसली होती, हातात डबा होता. एवढी गर्दी, भोंगे, तंबू बघून ती बिचकली, मग सुखदेव दिसल्यावर त्याच्या मिठानं पांढऱ्या झालेल्या कपड्यांकडं बघून म्हणाली, अहो, हे काय करून घेतलंय? तो म्हणाला, तू रेषेजवळ जा, पुढची जागा धर, मी सहाला येतो. असं सांगताना त्याचा आवाज किंचित मोठा झाला होता. शेजारच्या टीमनंही ऐकलं.

तेव्हा सांगलीहून आलेली टीम पहिली होती, यांच्या दीड मिनिट पुढं. तेजस पट्टा घेऊन निघाला, आणि थोड्या वेळानं कालव्याच्या पुलावरून निरोप आला की पोरगा वाऱ्यासारखा सुटलाय. सुखदेवला काय आनंद झाला म्हणून सांगू. त्याला वाटलं, दुपारभर निजवलं त्याचं हे फळ. वही बरोबर ठरली. चारचे परत बारा झाले. तो साईला हे समजावून सांगत होता आणि साई बुटाची लेस बांधत होता, सोडत होता, बांधत होता.

साडेपाचला सुखदेव चौकटीत उभा राहिला. एक पाय पेडलवर, उजवा हात पुढं. रेषेपलीकडं शालू, डबा छातीशी धरून. वळणावर तेजस दिसला. सुखदेवनं हात आणखी लांब केला. तेजस आला, चौकटीच्या कडेच्या फक्कीवरून आला, मान खाली, आणि गेला. थांबला नाही. आणे सांगितले नाहीत. त्याच्या चाकांनी उडवलेली फक्की सुखदेवच्या बुटावर बसली.

सुखदेवला वाटलं, पोराला चौकट दिसली नाही. तो 'अरे तेजस, इथं, इथं' असं ओरडत सायकल पुढं काढायला लागला. अपेक्षा धावत आली आणि तिनं त्याचं हँडल धरलं.

"काका, उतरा. तो थांबणार नव्हता."

सुखदेव उतरला. मग हळू विचारलं, "कधी ठरलं?"

"जानेवारीत."

"ग्रुपवर तर काही आलं नाही."

अपेक्षानं खाली बघितलं. "आमचा तिघांचा पण एक आहे," ती म्हणाली.

बाकीचं तिनं तिथंच सांगितलं, भरभर, अंगावरचं ओझं टाकल्यासारखं. सांगलीवाले संध्याकाळी जोरात असतात हे गेल्या वर्षीच दिसलं होतं. त्यांना धरायचं तर तेजस आणि साईचे पाय संध्याकाळपर्यंत ताजे राहायला हवेत. म्हणजे दुपारचं ऊन दुसऱ्या कुणीतरी खायला हवं. ज्याला उन्हाची सवय आहे, असं कुणीतरी. आणि सरळ सांगितलं तर काका शेवटची फेरी सोडणार नाहीत, काकू येणार आहेत ना. मग तेजसला सुचलं, की वहीत काय लिहिलं जातं ते आपल्याच हातात आहे.

"तू कधी खोटं सांगितलं नाहीस," सुखदेव म्हणाला.

"मी आकडा खोटा सांगितला नाही," अपेक्षा म्हणाली, आणि रडायला लागली. आता तिचं रडणं घेऊन तो काय करणार होता?

सहा वाजून एका मिनिटानं तेजस आला. सांगलीच्या चाळीस सेकंद आधी. भोंगे वाजले, साईनं त्याला उचललं, लोकांनी पाणी ओतलं. शालू टाचा उंचावून त्याच्या मागं बघत होती, की आता हे येतील, मागून येत असतील; साडेपाचच्या गडबडीत हेही निघाले असंच तिला वाटलं होतं. बराच वेळ बघत होती. सुखदेव बाजूनं चालत तिच्याजवळ गेला, सायकल हातात धरून.

तिनं विचारलं, हो, तुम्ही काहून नाही आलात? रागात किंवा घाबरली की तिची वऱ्हाडी वर येते. तो म्हणाला, ऐनवेळी बदललं. एवढंच म्हणाला. मग मंचावरून चार नावं पुकारली आणि तो गेला, कारण नाही गेला असता तर तिला सगळं कळलं असतं. गळ्यात पदक घातलं. फोटोत सगळे हसताहेत, सुखदेवसुद्धा. फोटो काढणाऱ्यानं सांगितलं म्हणून.

खाली उतरल्यावर तेजसनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, काका, रागावू नका, शेवटी जिंकलो ना, तुमच्याशिवाय शक्यच नव्हतं. त्यात खोटं काहीच नव्हतं, हीच मोठी गंमत. गणित चोख होतं. सुखदेव तेहतीस मिनिटांत फेरी मारतो, तेजस अठ्ठावीसमध्ये. शेवटी तो गेला असता तर सांगली चार मिनिटांनी जिंकली असती, हे सुखदेवनं मंचाच्या पायऱ्या चढतानाच मनात मांडून बघितलं होतं. त्यानं खांद्यावरचा हात काढला नाही. पिशवीतून वही काढली, साडेदहाचं पान उघडलं, पेन पुढं केलं.

"इथं चार लिहिलंय," तो म्हणाला. "आता काय लिहू, सांग."

तेजस हसला, मग हसणं अर्ध्यात राहिलं. पेन त्यानं घेतलं नाही. साई म्हणाला, काका, चला ना, सगळे जेवायला जातोय. सुखदेवनं वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी तेजसची सायकल पुसून, चाकांत हवा भरून, कोथरूडला त्याच्या सोसायटीच्या वॉचमनकडं ठेवून तो बसनं परत आला. चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

मार्च गेला. ग्रुपवर फोटो येत राहिले, अभिनंदनं येत राहिली. सुखदेव रोज पहाटे आपली जुनी काळी सायकल घेऊन निघायचा. शालू बघत होती. पदक तिनं शोकेसमध्ये ठेवलं नाही, कपाटात साड्यांखाली ठेवलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला काय कळत नाही?

एप्रिलच्या एका रविवारी तिघं आले. आंब्याची पेटी घेऊन आले. चपला दाराबाहेर नीट ओळीनं काढल्या, जे पूर्वी कधी केलं नव्हतं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली खुर्च्या होत्या तिथं बसले. तेजसनं विषय काढला. जूनच्या आधी नाशिकला अशीच शर्यत आहे, आधीच्यापेक्षा मोठी. नाशिकचं ऊन म्हणजे काका तुमचंच मैदान. जे झालं ते झालं, या वेळी सगळं उघड, चौघांच्या ग्रुपवर. सायकल गाडीत आणलीय, खाली आहे. सुखदेव ऐकत होता. साई जमिनीवरच्या फरश्या मोजत होता.

आत ओट्यापाशी अपेक्षा शालूला चहाला मदत करत होती. शालू सवयीनं सांगत होती, अगं आजच पहाटे सिंहगडावर जाऊन आले हे, त्या जुन्या सायकलीवर, आठच्या आत परत, आणि येऊन चार भाकरी खाल्ल्या. खोली दीड, भिंत पातळ. बाहेर प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

तेजसला जरा बरं वाटलं. तो पुढं सरकून, जुन्या सवयीच्या सुरात म्हणाला, "मग काका? किती आहे पायात?"

अपेक्षा ट्रे घेऊन दारात थांबली. सुखदेवनं तेजसच्या डोळ्यांत बघितलं.

"चार आणे," तो म्हणाला.

गडावर जाऊन आलेल्या माणसाला खोटा म्हणायचं तर कोणत्या तोंडानं? तेजस काहीतरी बोलायला गेला आणि त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. अपेक्षानं ट्रे टीपॉयवर ठेवला, कप वाजले. तिघांनी चहा प्यायला, गरम होता तरी भरभर प्यायला. जाताना साई वाकून काकाच्या पाया पडला, ते कशासाठी, त्यालाच माहीत. खाली गाडीची दारं लागली. आंब्याची पेटी राहिली.

सुखदेव खुर्चीत तसाच बसून होता. जन्मात पहिल्यांदा खोटा आणा सांगितला होता त्यानं, आणि वाटलं होतं तसं समाधान काही झालं नव्हतं. तोंडाची चव गेली होती नुसती.

शालू कप उचलायला आली आणि उचलता उचलता बसली. म्हणाली, मला खरं सांगा. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. साडेदहाचे चार, साईचे पाच, तिघांचा ग्रुप, तेल. तेलाचं ऐकलं तेव्हा तिनं फक्त डोळे मिटले. सगळं झाल्यावर विचारलं, "आणि तुम्ही हात पुढं करून उभे होता, तेव्हा तुमच्या पायात किती होते?"

हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. वही समोर नव्हती, लागतही नव्हती.

"पाच," तो म्हणाला.

"म्हणजे सहाच्या खाली."

"हो."

"मग तुम्हाला जाताच आलं नसतं."

"नसतं आलं. नियम माझाच होता." सुखदेव म्हणाला. "त्यानं थांबून नुसतं विचारलं असतं ना शालू, काका किती, तर तुझ्यासमोर पाच म्हणालो असतो. आणि मीच सांगितलं असतं त्याला, थांबू नको, जा. तू बघितलं असतंस ते. मला तेवढंच दाखवायचं होतं."

शालूनं कप तिथंच ठेवले. मग कपाट उघडून साड्यांखालून ते पदक काढलं, आंब्याच्या पेटीवर ठेवलं आणि म्हणाली, की दोन्ही उद्या सकाळी कोथरूडला नेऊन द्या, मी येते कॅरिअरवर.